नऊ मिलिमीटरचा हट्ट

रायफल ज्याची त्याची असते. भरती झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच हे आपल्याला कळतं. कोतमधून काढलेल्या शंभर रायफली दिसायला जुळ्या बहिणी, पण माझ्या डोळ्याला झिरो केलेली रायफल शेजारच्या लान्सनायकाच्या हातात दिली की गोळ्या टार्गेटवर भलतीकडेच जमतात. म्हणून तर बट नंबर पाठ असतो. बायकोचा वाढदिवस विसरणारे लोक पंधरा वर्षांपूर्वीचा बट नंबर झोपेत सांगतात.

आता हाच माणूस निवृत्त होतो किंवा कुठल्यातरी शांत स्टेशनवर बदलून येतो, संध्याकाळी गोल्फ कोर्सवर जायला लागतो आणि कोपऱ्यातल्या बॅगेतून हाताला लागेल तो पटर उचलतो. साहेबांनी बदलीच्या वेळी मागे ठेवलेला, कँटीनजवळच्या दुकानातून घाईत घेतलेला, कुणीतरी सिंगापूरहून आणलेला. तीन फुटांवरून बॉल होलच्या डाव्या काठाला घासून गेला की डोक्यावर हात मारून म्हणतो, "आपला हातच खराब." सहा महिने तो हातावर मेहनत घेतो. पटरकडे एकदाही नीट बघत नाही. आणि आजूबाजूचे सगळे त्याला हेच सांगत असतात: सराव कर, मान स्थिर ठेव, हात पुढे ठेव. माझं भांडण या सल्ल्यांशी आहे.

गावाकडच्या वाचकांसाठी दोन शब्द. "काठीनं गोळी ढकलायचा साहेबी खेळ" अशी या खेळाची जी ख्याती आपल्याकडे आहे, तिच्यातला ढकलण्याचा भाग म्हणजे पटर. लांबचे फटके मारून बॉल हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर आला, की तो जमिनीवरून घरंगळत होलमध्ये घालायचा. ७२ पारच्या कोर्सवर हिशोबाने प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात. अठरा होल, म्हणजे ३६. निम्मा खेळ या एका काठीवर. आणि होल केवढं? १०८ मिलिमीटर व्यासाचं. दहा फुटांवरून बॉल फक्त एका अंशाने वाकडा निघाला तर होलपाशी पोहोचेपर्यंत तो साधारण ५३ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. म्हणजे बरोबर होलच्या काठावर. एक अंश! घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश फिरतो, त्याचा सहावा भाग. बॉल कुठल्या दिशेला निघणार हे बहुतांशी पटरचं तोंड टक्कर होताना कुठे वळलेलं आहे त्यावर ठरतं. आणि ते तोंड सरळ आहे की नाही हे तुम्ही ठरवता डोळ्यांनी, वरून खाली बघत, पाच फुटांवरून.

इथेच ऑफसेट येतो.

पटर जमिनीवर सरळ ठेवा, बाजूने बघा आणि शाफ्टच्या पुढच्या कडेवरून गवंड्यासारखा ओळंबा सोडा. काही पटरमध्ये तोंडाची कड त्या दोरीला येऊन टेकते. काहींत तोंड दोरीच्या मागे राहतं. हे मागे राहणं म्हणजे ऑफसेट. शाफ्टच्या जाडीइतकं मागे असेल तर त्याला पूर्ण ऑफसेट म्हणतात, निम्मं असेल तर अर्धा. पटरचा शाफ्ट खालच्या टोकाला साधारण नऊ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे सगळा वाद नऊ मिलिमीटरचा. काही पटरमध्ये उलटंही असतं, तोंड शाफ्टच्या पुढे येतं. त्याला ऑनसेट म्हणतात. आपल्या शेतावरचं खुरपं आठवा. पातं आणि मूठ एका सरळ रेषेत नसतात, मधे मान वाकवलेली असते, म्हणून बोटं जमिनीला खरचटत नाहीत. लोहाराने ती वाक गंमत म्हणून दिलेली नाही. आणि आजीचं खुरपं आईला चालत नाही, हेही घरात सगळ्यांना माहीत असतं.

ही वाक गोल्फमध्ये घरोघरी पोहोचली ती एका माणसामुळे. कार्स्टन सोल्हाइम, जन्माने नॉर्वेचे, नोकरीने अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे इंजिनिअर. उशिरा गोल्फ शिकले आणि पट पडेनात म्हणून चिडून त्यांनी १९५९ साली स्वतःचा पटर बनवला. बॉलला लागताना जो टणत्कार व्हायचा त्यावरून पिंग हे नाव. १९६६ च्या जानेवारीत त्यांना दुसरी कल्पना सुचली आणि हाताशी कागद नव्हता म्हणून ती त्यांनी ग्रामोफोन रेकॉर्डच्या पाकिटावर काढून ठेवली. तोच अ‍ॅन्सर पटर. टाचेकडे आणि टोकाकडे वजन वाटलेलं आणि शाफ्ट जोडणारी मान नळाच्या पाइपासारखी काटकोनात दोनदा वळवलेली. त्यामुळे तोंड शाफ्टच्या मागे राहतं. ही रचना इतकी चालली की पुढच्या जवळजवळ प्रत्येक कंपनीने तिची नक्कल केली. टायगर वुड्सने आपल्या पंधरा मेजर स्पर्धांपैकी चौदा ज्या पटरने जिंकल्या, तोही त्याच घराण्यातला.

सोल्हाइमना दोष देण्याचं कारण नाही. त्या माणसाने स्वतःच्या अडचणीवर स्वतःच्या हाताने उत्तर शोधलं. मला आक्षेप आहे तो नंतरच्या लोकांवर, ज्यांनी एका माणसाचं उत्तर सगळ्यांचा प्रश्न करून टाकलं. आज आपल्या कुठल्याही स्टेशनच्या कोर्सवर दहा बॅगा उघडून बघा. महू, देवळाली, वेलिंग्टन, शिलाँग, कुठेही. बहुतेकांत तीच मान, तोच ऑफसेट. कोणी विचारून घेतलेला नाही. दुकानात तोच होता.

ऑफसेट नेमकं करतो काय, हे सांगितल्याशिवाय भांडण पुढे नेता येणार नाही. पहिली गोष्ट डोळ्यांची. शाफ्ट पुढे आणि तोंड मागे असलं की वरून बघताना बॉल आणि तोंडाची वरची रेघ यांचं चित्र बदलतं. कुणाला तोंड मोकळं दिसतं, शाफ्ट वाटेत येत नाही, आणि निशाणा पटकन बसतो. कुणाला मात्र शाफ्ट आणि तोंड यांतली ती पायरी खटकते, मेंदू ती 'दुरुस्त' करायला जातो आणि पटर नकळत एक-दोन अंश वळवून ठेवला जातो. मास्टर आय कुठला, डोकं बॉलच्या किती मागे, नजर रेषेच्या बरोबर वर की आत, चष्मा आहे का, चष्म्यात खालच्या बाजूला वाचायचा नंबर आहे का, या सगळ्यावर ते चित्र अवलंबून. चाळिशी ओलांडलेल्या वेटरनच्या बाबतीत तर हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा असतो, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

दुकानदार इथे एक तक्ता दाखवतात: उजवा डोळा असेल तर हा पटर, डावा असेल तर तो. दुसऱ्या दुकानात गेलात तर तक्ता बरोबर उलटा. मोठ्या शहरातल्या एका चकचकीत दुकानात मी दोन विक्रेत्यांना एकाच वेळी विचारलं, तर दोघांनी दोन दिशा दाखवल्या आणि मग दोघेही माझ्याकडेच रागाने बघायला लागले. पटर बदलला की निशाणा सरकतो हे खरं. तो तुमच्या बाबतीत कुठे सरकतो, हे तक्ता सांगू शकत नाही. रायफलचा कारखाना तुमचा झिरो सांगू शकतो का?

दुसरी गोष्ट हातांची. ऑफसेट असलेला पटर सरळ उभा धरला तरी हात तोंडाच्या थोडे पुढे असतात. ज्यांना बॉल मारताना हात पुढे असलेले आवडतात, पण त्यासाठी मनगट वाकवायचं नाही, त्यांना ही मोठी सोय आहे. पण ज्याला आधीच हात पुढे दाबून मारायची सवय आहे, त्याच्यासाठी हा डबल डोस होतो. पटरच्या तोंडाला साधारण तीन-चार अंशांचं वरच्या दिशेचं झुकाव, म्हणजे लॉफ्ट दिलेला असतो. गवतात थोडा बसलेला बॉल आधी हलकेच उचलला जावा आणि मग सरळ घरंगळावा, एवढ्यासाठी. शाफ्ट एक अंश पुढे झुकवला की एक अंश लॉफ्ट गेला. चार अंश दाबलात तर तोंड सपाट झालं. पाचव्याला बॉल जमिनीत दाबला जातो, उडी मारतो आणि दिशा सोडतो. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताच्या, जरा राठ ग्रीनवर हा उपद्रव जास्तच जाणवतो. जुन्या लोकांना आठवत असतील ते 'ब्राउन', वाळूत तेल कालवून केलेली ग्रीन, तिथे बॉल तसाही लोखंडी रोलर फिरवलेल्या वाटेने जायचा, तिथे हे सगळं माफ होतं.

तिसरी गोष्ट वेळेची. इथे मात्र शुद्ध बाता चालतात. "ऑफसेटमुळे तोंड बंद व्हायला जादा वेळ मिळतो, म्हणून पट उजवीकडे जात नाहीत." हे लांब फटक्यांच्या क्लबमधून उचललेलं वाक्य आहे. पटरला लावून बघा. सेकंदाला दीड मीटर वेगाने येणारा पटर नऊ मिलिमीटर अंतर सहा मिलिसेकंदांत कापतो. एका सेकंदाचे हजार भाग करा, त्यातले सहा. एवढ्या वेळात हळूवार पटचं तोंड जे काही फिरेल, त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी चूक उभं राहून निशाणा धरतानाच झालेली असते. म्हणजे जिथे ऑफसेटचा खरा परिणाम आहे, डोळ्यांवर आणि मनगटांवर, त्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि जिथे तो नगण्य आहे त्याची जाहिरात होते.

आणखी एक गोंधळ जाता जाता निस्तरतो. पटरचा शाफ्ट बोटावर आडवा तोला. टोक जमिनीकडे लटकलं तर तो टोक-भारी, तोंड आकाशाकडे राहिलं तर तो समतोल. हे आणि ऑफसेट एक नव्हे. पूर्ण ऑफसेट असूनही समतोल असलेले पटर आहेत, दुहेरी वाकवलेल्या शाफ्टचे. बऱ्याच जणांना खटकत असतं लटकणं आणि ते बदलतात ऑफसेट, किंवा उलट.

आता माझा मुख्य मुद्दा. या प्रश्नाचं उत्तर शोधायची पद्धत आपल्याकडे, आपल्या फौजेत, पिढ्यान् पिढ्या आहे. ती आपण गणवेशाबरोबर ट्रंकेत घालून कुलूप लावतो.

रेंजवर उस्ताद काय करतात? पहिली गोळी टार्गेटच्या डावीकडे गेली म्हणून साइट फिरवतात का? कधीच नाही. आधी ग्रुपिंग. १०० मीटरवरून पाच गोळ्या, एकाच बिंदूवर निशाणा, एकच पकड, एकच श्वास. मग टार्गेटपाशी जाऊन बघायचं. गोळ्या पत्रावळीभर पसरल्या असतील तर साइटला हात लावायचा नाही, फायररवर काम करायचं. गोळ्या एका मुठीत मावतील अशा जमल्या असतील, पण डावीकडे, तर फायररला शाबासकी आणि साइटवर काम. किती साधा विचार आहे! जमलेला गट वाकडा असेल तर दोष हत्याराच्या जुळणीचा. न जमलेल्या गटाचा दोष माणसाचा, किंवा माणूस अवघडून बसला आहे म्हणून.

हा शेवटचा भाग लोक विसरतात. नेमबाजीच्या तत्त्वांमध्ये पकड आणि पोझिशन यांच्या लगेच नंतर काय येतं? हत्यार जोर न लावता, आपसूक टार्गेटकडे रोखलेलं असायला हवं. उस्ताद आपल्याला डोळे मिटायला लावायचे, दोन श्वास घ्यायला लावायचे आणि मग उघडून बघायला सांगायचे. नळी सरकली असेल तर हातांनी ओढून जागेवर आणायची नाही, कोपर-कंबर हलवून अख्खं शरीर फिरवायचं. कारण ओढून धरलेला निशाणा घोडा दाबताना सुटतो आणि दर वेळी थोडा वेगळा सुटतो. आराम ही चैन नाही, आरामातूनच सातत्य येतं, हे आपल्याला चिखलात पालथं पाडून शिकवलं गेलं आहे. मग पटरवर उभे राहिल्यावर आपण मनगट पिळून, खांदा उचलून, मान तिरकी करून 'साहेबांनी सांगितलेली' पोझिशन का धरतो?

पटरला हीच परीक्षा लावा. सपाट ग्रीन, दहा फूट, पाच बॉल. होल नको, होल खोटं बोलतं, काठाला लागून आत गेलेला बॉल चूक लपवतो. जमिनीवर एक नाणं ठेवा. पाच बॉल मारा आणि ते नाण्याच्या कुठल्या बाजूने गेले ते मित्राला लिहायला सांगा. मग वेगळ्या ऑफसेटचा पटर घ्या, पुन्हा पाच. मग तिसरा. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून पुन्हा, कारण पहिल्या पटरवर हात गार असतो आणि तिसऱ्यावर गडी थकलेला. अजून एक, याला तर पटही मारायला नको. पटर निशाण्यावर ठेवून जागेवर तसाच धरा, मित्राने तोंडाला शाळेतला गुण्या टेकवून दोरा ताणायचा आणि तो नाण्यापासून किती बाजूला जातो बघायचं. मी आजवर ज्यांच्यावर हा प्रयोग केला, त्यांतल्या बऱ्याच जणांचा दोरा वर्षानुवर्षं एकाच बाजूला जात होता आणि त्यांचे हात गुपचूप दर वेळी तो परत आणत होते. ज्या दिवशी हात थकले, त्या दिवशी "आज पटिंग गेलं."

एक सुभेदार मेजर आहेत, निवृत्त. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. बर्फात पाय घसरून उजवं मनगट मोडलेलं, जोडलं गेलं पण मागे पूर्ण वाकत नाही. नमस्कार करताना दोन्ही तळहात नीट जुळत नाहीत, एवढं. हात पुढे दाबून पट मारताना उजवं मनगट नेमकं मागे वाकावं लागतं. त्यांच्याकडे पूर्ण ऑफसेटचा पटर होता. शाफ्ट पुढे दिसला की ते हात आणखी पुढे नेत, कारण एका सीनियरने त्यांना "हँड्स अहेड" हा मंत्र दिला होता. नवव्या होलनंतर मनगट सुजायचं. या माणसाने आयुष्यभर तक्रार केली नाही, इथेही केली नाही. सकाळी खेळून आले की घरी मिठाच्या गरम पाण्यात हात बुडवून बसायचे. शेवटी त्यांनी खेळच सोडायचं ठरवलं. पत्नी गेल्यावर त्या कोर्सवरचे सकाळचे तीन तास हीच त्यांची माणसांत बसायची जागा होती, हे लक्षात घ्या. कोणा समितीला नऊ मिलिमीटरचं महत्त्व पटत नसेल तर त्यांना मी हे सांगतो.

कॅडी शेडमध्ये धूळ खात पडलेला एक मध्यभागी शाफ्ट असलेला पटर आम्ही काढला. ऑफसेट अजिबात नाही. हात बॉलच्या बरोबर वर, मनगट सरळ. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "साहेब, हा बायकी वाटतो." दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "रात्री झोप लागली." स्कोअरबद्दल मी विचारलंही नाही. पाच बॉलांचा गट मात्र मी मोजला होता, तो निम्म्यावर आला. याच्या बरोबर उलट, आमच्याच चौकडीत एक डॉक्टर आहेत, त्यांना मध्यभागी शाफ्टवाला पटर दिला की बॉल दिसतच नाही म्हणतात. त्यांना पूर्ण ऑफसेटच हवा आणि तो त्यांना शोभतो. त्यांनी तो बदलावा असं मी स्वप्नातही म्हणणार नाही.

'बायकी' या शब्दावरून आठवलं. वेगळ्या पटरला हसण्याची परंपरा फार जुनी आणि फार प्रतिष्ठित आहे. १९०४ साली वॉल्टर ट्रॅव्हिस नावाच्या खेळाडूने अमेरिकेहून येऊन सँडविचला ब्रिटिश अ‍ॅमॅच्युअर स्पर्धा जिंकली, ती स्केनेक्टडी नावाच्या मध्यभागी शाफ्टवाल्या पटरने. तो पटरही जनरल इलेक्ट्रिकच्याच एका माणसाने काढलेला, योगायोग बघा. १९१० साली सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी अशा पटरवर बंदी घातली आणि ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. चार दशकं ज्याच्या डोळ्याला आणि मनगटाला तो पटर जुळायचा, त्याला ब्रिटनमध्ये आणि ब्रिटिश नियम पाळणाऱ्या देशांत तो हातात घेता येत नव्हता. आज नियम स्वच्छ आहे. बाकीच्या क्लबचा शाफ्ट टाचेलाच जोडलेला असावा लागतो, पटरचा डोक्यावर कुठेही चालतो. कायद्याने दिलेली ही सूट आपण रूढीने परत घेतो आहोत.

आणि नव्या फॅशनवाल्यांनीही फार खूश होऊ नये. २०२५ साली जे. जे. स्पॉनने यू. एस. ओपन जिंकताना शेवटच्या होलवर जो ६४ फुटांचा पट घातला, त्यानंतर त्या प्रकारचे, हातात न वळणारे म्हणवणारे पटर सगळ्यांना हवे झाले. पूर्वी सगळ्यांना टायगरचा हवा होता. एका गणवेशातून दुसऱ्या गणवेशात. स्पॉनचं मनगट तुमच्या हाताला जोडलेलं नाही.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद, जो मला आमच्या महूतच दर रविवारी ऐकायला मिळतो. "अहो, आमच्या महूचे मुकेश कुमार. कॅडी म्हणून सुरुवात. कसले फिटिंग आणि कसले ऑफसेट? २०१६ साली वयाच्या ५१ व्या वर्षी दिल्लीत पॅनासॉनिक ओपन इंडिया जिंकले. नाचता येईना अंगण वाकडं!" मुकेश कुमारांना माझा सलाम आहे, आणि त्या वयात आशियाई टूरचं पहिलं विजेतेपद मिळवणाऱ्या माणसाबद्दल या गावात अभिमान असायलाच हवा. पण हा युक्तिवाद करणाऱ्यांनी कॅडींची पोरं कशी शिकतात ते कधी जवळून बघितलं आहे का? मी बघितलं आहे, पाच-सहा स्टेशनांवर. लोखंडी सळई घेतात, दगडावर ठोकून तिचं टोक वाकवतात, दोन पट मारून बघतात, पुन्हा ठोकतात. जुनी सायकलची ट्यूब गुंडाळून मूठ करतात. उंच पोराची सळई लांब, बुटक्याची आखूड. ज्याला बॉल नीट दिसत नाही तो मान आणखी मागे ठोकतो. हे फिटिंग नाही तर काय आहे? जगातल्या कुठल्याही महागड्या स्टुडिओपेक्षा ते प्रामाणिक आहे. आपण सगळ्यांनी विटीदांडू खेळला आहे. दांडू कोणी दुकानातून आणला होता? बाभळीची फांदी हातात घेऊन, एकदा हवेत फिरवून, कोयत्याने तासूनच ना? अंगण वाकडं असेल तर नाचणाऱ्याने ते सारवून घ्यावं, त्यात लाज कसली?

खर्चाचा मुद्दा खरा आहे. नामांकित नवा पटर हजारोंच्या घरात जातो आणि निवृत्त हवालदाराने तो घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक कोर्सच्या गोदामात टाकून दिलेले वीस-पंचवीस पटर असतात. त्यांतले पाच निवडा: एक पूर्ण ऑफसेटचा, एक अर्ध्या, एक बिनऑफसेटचा टाचेला शाफ्ट असलेला, एक मध्यभागी शाफ्टचा, एक डावखुऱ्यांसाठी. नवी ग्रिप चढवा, सगळ्यांची लांबी सारखी करा, नाहीतर तुलना कसली करायची, आणि ती बॅग कॅडी मास्टरच्या ताब्यात द्या, सहीवर मिळेल अशी. कोणीही यावं, आठवडाभर न्यावं, पाच-पाच बॉलांचा गट लिहावा. जवान आणि जेसीओंसाठी जेव्हा सेट एकगठ्ठा विकत घेतले जातात, तेव्हा बारा सेटमध्ये बारा सारखेच पटर येतात. त्याऐवजी तीन प्रकारचे चार-चार मागवले तर निविदेतली एक ओळ तेवढी वाढते. डावखुऱ्यांचं तर विचारूच नका. डावा जवान बंदूक डाव्या खांद्याला लावू शकतो, पण पट उजव्याने मारायला लागतो, कारण "लेफ्टी सेट स्टॉकमध्ये नाही."

हे सगळं मी एका समितीला दोन पानी अर्ज करून कळवलं होतं. आकृती काढून, ओळंब्यासकट. चार महिन्यांनी उत्तर आलं की सूचना स्तुत्य आहे, परंतु पटर ही वैयक्तिक आवडीची बाब असल्यामुळे तिच्यावर संस्थेने खर्च करणे उचित नाही. वैयक्तिक आहे म्हणूनच तर निवड हवी, असं मी परत लिहिलं. त्याला उत्तर नाही. त्याच महिन्यात क्लब हाउससमोरच्या दगडांना चुना आणि गेरू मात्र नव्याने लागला.

त्यामुळे तोवर बॅग माझ्या घरी आहे. सहा पटर, एक शाळेचा गुण्या, दोऱ्याचं रीळ आणि दहा रुपयांचं एक नाणं. सुभेदार मेजर शनिवारी सकाळी साडेसहाला ती गाडीतून उतरवायला मदत करतात, उजव्याच हाताने. महूला येणं झालं तर सरावाच्या ग्रीनवर या, चष्मा विसरू नका, आणि रोज जो घालता तोच आणा.